हुकूम कुणाचा?



ही व्याख्यानमाला रसायनशास्त्राच्या एका शिक्षकांच्या नावानं चालते, हे निमंत्रण आलं तेव्हाच मला बरं वाटलं. डॉक्टरला व्यासपीठ मिळालं की तो लगेच 'तब्येत सांभाळा'वर येतो, आणि विषय कॅन्सरचा असला तर विचारूच नका. शिक्षकाच्या नावाच्या मालेत ते टाळता येईल. कॅन्सरच्या काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम अचानक चढतं आणि माणूस गुंगीत जातो. ते का चढतं याचा छडा लागायला ४६ वर्षं लागली, तीच हकीकत आज सांगणार आहे. तिच्यात संप्रेरकं आहेत, ड जीवनसत्त्व आहे आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडाही आहे.

आधी आकडा समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण १ किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं. रक्तात फिरतं ते अगदी थोडं, पण त्याच्याबाबत शरीर कमालीचं काटेकोर आहे. १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, एवढीच मुभा. साखर जेवणानंतर वर जाते, उपाशीपोटी खाली येते; कॅल्शियमला असली चैन परवडत नाही, कारण मज्जातंतू आणि हृदय त्याच्यावर चालतात.

या कॅल्शियमपैकी निम्मंच मोकळं फिरतं. उरलेल्यातलं बहुतेक अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. कॅन्सरच्या रुग्णाचं जेवण तुटलेलं असतं, अल्ब्युमिन घसरलेलं असतं, त्यामुळे रिपोर्टवरचं एकूण कॅल्शियम फसवं निघतं. आम्ही एक ढोबळ हिशेब करतो: अल्ब्युमिन ४ ग्रॅमच्या खाली जितकं असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे ०.८ मिळवायचे. कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन २ असेल, तर खरा आकडा ११.८ धरायचा. लॅबच्या छापील रिपोर्टवर १०.२ पुढे कुठलीही खूण नसते. ज्यानं अल्ब्युमिनची ओळ वाचली नाही, त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं. शंका वाटली तर मोकळं कॅल्शियम थेट मोजता येतं, आणि ते मोजावंच.

हा काटेकोर कारभार मुख्यतः गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी पाहतात, पॅराथायरॉइड. त्यांचा पहिला माग लागला तो गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं १८३४ मध्ये एक भारतीय एकशिंगी गेंडा विकत घेतला होता. तो १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन या शरीररचनाशास्त्रज्ञानं त्याचं विच्छेदन केलं. थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्याच्या नजरेला पडला आणि त्यानं तो नोंदवून ठेवला. माणसाच्या गळ्यात असेच गोळे आहेत, हे नीट दाखवलं ते स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं, १८८० मध्ये. गेंड्याच्या एवढ्या मोठ्या गळ्यात तो गोळा आधी सापडावा, यात नवल नाही.

या ग्रंथींचं संप्रेरक म्हणजे पॅराथॉर्मोन. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की ते सुटतं आणि तीन ठिकाणी हुकूम देतं. हाडाला सांगतं, थोडं कॅल्शियम सोड. मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम लघवीत जाऊ देऊ नकोस, फॉस्फेट मात्र जाऊ दे. आणि मूत्रपिंडालाच आणखी एक काम लावतं: ड जीवनसत्त्व कामाचं कर. हा तिसरा हुकूम लक्षात ठेवा. पुढचा सगळा गुंता त्याच्यावरच सुटतो.

कारण ड जीवनसत्त्व हे नावाचंच जीवनसत्त्व आहे, वागायला ते संप्रेरक आहे. कातडीत उन्हानं तयार होतं, यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, तो साठ्यातला प्रकार. मग मूत्रपिंडात दुसरा गट जोडला जातो आणि कॅल्सिट्रायॉल तयार होतं. हे दुसरं काम मूत्रपिंडातच होतं, हे केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी १९७० मध्ये दाखवलं. कॅल्सिट्रायॉल आतड्याला कॅल्शियम ओढून घ्यायला लावतं. ते नसेल तर दूध, नाचणी, तीळ काहीही खा, त्यातलं फार थोडं अंगी लागतं.

आता रुग्णाकडे येऊ. दोन-तीन रुग्णांचं मिळून एक चित्र सांगतो. साठीच्या आतले काका, जबड्याचा कॅन्सर. तंबाखू आणि मग गुटखा, तीस वर्षांची सवय. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. काकांना तो त्यानंतरही टपरीवर मिळत होता, हे वेगळं सांगायला नको. ऑपरेशन झालेलं, किरणांचा शेक घेऊन झालेला, गाठ पुन्हा आलेली. मुलगी त्यांना घेऊन येते. "डॉक्टर, बाबा चार दिवस नुसते झोपतात. मध्येच उठतात, पाणी मागतात, तांब्याभर पितात, परत लघवीला जातात. काल मला आत्या समजून हाक मारली." शौचाला आठवडा झालेला. शेजारीपाजारी म्हणतात, केमोचा अशक्तपणा आहे. जावई हळूच बाजूला घेऊन विचारतो, "मेंदूत गेला का हो?"

मेंदूचा स्कॅन स्वच्छ येतो. कॅल्शियम १४ च्या पुढे निघतं. मुलगी शिकलेली आहे, ती बरोबर प्रश्न विचारते: "पण हाडांचा स्कॅन तर चांगला होता. मग कॅल्शियम आलं कुठून?"

हाच प्रश्न वैद्यकशास्त्राला पडला होता. जुना समज साधा होता. कॅन्सर हाडात पसरतो, हाड खातो, हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं. काही रुग्णांत हे खरंही आहे, विशेषतः मायलोमा या मज्जेच्या कॅन्सरमध्ये आणि हाडात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये. तिथे गाठीच्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना जागच्या जागी चेतवतात. पण स्वच्छ हाडांच्या रुग्णाचं काय?

१९४१ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका रुग्णावर चर्चा झाली. मूत्रपिंडाचा कॅन्सर, हाडात एकच गाठ, रक्तात कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी. चर्चेत फुलर ऑलब्राइट होते, संप्रेरकशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. त्यांचा युक्तिवाद शाळेतल्या मुलालाही पटावा असा होता. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही असतात. गाठ नुसतं हाड खात असती तर दोन्ही वाढायला हवीत. इथे फॉस्फरस उतरलंय, म्हणजे कुणीतरी मूत्रपिंडाला ते टाकून द्यायला सांगतंय. हा हुकूम पॅराथॉर्मोनचा. तेव्हा गाठच तसं काही बनवत असावी. हाडातल्या गाठीला शेक दिल्यावर कॅल्शियम उतरलं होतं, तेही या म्हणण्याला धरूनच होतं. त्याच वर्षी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांकडे आली. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधावर पुढे त्यांनी मोलाचं काम केलं. आमच्या काकांच्या दुखण्याचे दोन धागे, कारणाचा आणि परिणामाचा, एकाच वर्षी दोन टोकांना हाताशी आले होते.

ऑलब्राइटचा अंदाज पुढच्या मंडळींनी जरा जास्तच सरळ घेतला. गाठ पॅराथॉर्मोनच बनवते, असं धरून चालले. १९६३ मध्ये बर्सन आणि यॅलो यांनी किरणोत्सर्गी पद्धतीनं पॅराथॉर्मोन मोजण्याची चाचणी काढली, पण सुरुवातीच्या अशा चाचण्या संप्रेरकाचे तुटके तुकडेही मोजत. त्यामुळे कुणाला ते सापडे, कुणाला नाही. दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांवर ठाम. हा सगळा काळ वाचताना मला वाटतं, चुकीच्या उत्तरापेक्षा अर्धवट बरोबर उत्तर जास्त वेळ खातं.

कोंडी फुटली १९८० मध्ये. येल विद्यापीठात अँड्र्यू स्ट्युअर्ट, आर्थर ब्रोडस आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम चढलेल्या ५० कॅन्सर रुग्णांची रक्त-लघवी बारकाईनं तपासली. पॅराथॉर्मोन मूत्रपिंडावर काम करतं तेव्हा लघवीत सायक्लिक एएमपी हे रसायन वाढतं, ती त्याची खूण. बहुतेक रुग्णांत ही खूण होती. लहान गटात ती नव्हती, आणि तिथे हाडांत पसरलेला कॅन्सरच जास्त होता. इथवर ऑलब्राइट बरोबर. पण ज्यांच्यात खूण होती, त्यांच्या रक्तात खरं पॅराथॉर्मोन वाढलेलं नव्हतं. आणि कॅल्सिट्रायॉल तर चक्क कमी होतं.

तिसरा हुकूम आठवा. पॅराथायरॉइड ग्रंथीच बिघडून पॅराथॉर्मोन वाढतं, त्या आजारात कॅल्सिट्रायॉल चढतं. इथे पहिले दोन हुकूम मिळतायत आणि तिसरा मिळत नाही. म्हणजे हुकूम देणारा पॅराथॉर्मोन नाही, त्याच्यासारखा दुसराच कुणीतरी आहे. माझ्या मते या हकीकतीतला कळीचा पुरावा हाच: जे जीवनसत्त्व वाढायला हवं होतं ते वाढलं नाही.

त्या दुसऱ्याला पकडायला आणखी सात वर्षं गेली आणि मग १९८७ मध्ये तीन ठिकाणी तो जवळजवळ एकदमच सापडला. मेलबर्नला जॉन मार्टिन यांच्या गटाला फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींत, येलला स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत, सॅन फ्रान्सिस्कोला मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये. नाव पडलं पॅराथॉर्मोन-संबंधित प्रथिन, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएचआरपी. पॅराथॉर्मोन ८४ अमिनो आम्लांचं, हे १७३ पर्यंत लांब. दोघांची पहिली १३ अमिनो आम्लं शेजारी ठेवली तर त्यांतली ८ सारखी निघतात. बाकी कागद वेगळा, पण सहीचं वळण हुबेहूब. आणि बँकेतला कारकून सही बघून ठेव मोडून देतो. हाड आणि मूत्रपिंड यांच्यावरचा हा 'कारकून', म्हणजे दोघांना सामाईक असलेला ग्राहक, १९९१ मध्ये हाती आला.

मग प्रश्न येतो, हे प्रथिन निरोगी शरीरात कशासाठी आहे? कॅन्सरनं ते नव्यानं शोधून काढलेलं नाही. दोन्हींची जनुकं नात्यातली आहेत, एक ११व्या गुणसूत्रावर, दुसरं १२व्या. १९९४ मध्ये हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्लं जन्मतःच दगावली, कारण त्यांचं कूर्चेचं हाड वेळेआधीच पक्कं झालं होतं. गर्भाच्या वाढत्या हाडाला थोपवून धरायचं काम याचं. वारेतून गर्भाला कॅल्शियम पोचवण्यातही त्याचा हात आहे. आणि बाळ अंगावर पीत असतं तेव्हा आईच्या स्तनांतून हेच प्रथिन रक्तात येतं आणि तिच्या हाडांतून दुधासाठी कॅल्शियम काढून देतं. अंगावर पाजण्याच्या सहा महिन्यांत मणक्याची घनता ५ ते १० टक्के उतरते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर घाला, जरूर घाला. पण हाड मुख्यतः भरून येतं ते दूध तुटल्यावर, हा हुकूम थांबल्यावर.

काकांच्या गाठीनं हेच जुनं जनुक उघडलंय. तोंडाचा, फुप्फुसाचा, गर्भाशयमुखाचा स्क्वेमस कॅन्सर, मूत्रपिंडाचा, स्तनाचा, ही त्याची नेहमीची घरं. कॅन्सरमुळे कॅल्शियम चढलेल्या १०० रुग्णांत साधारण ८० जणांत कारण पीटीएचआरपीच असतं. बाकीच्या वीसेकांतल्या बहुतेकांत हाडातला स्थानिक उद्योग. उरलेल्या थोड्यांत मात्र ड जीवनसत्त्व स्वतः आरोपी असतं, आणि तो भाग मला जास्त रंजक वाटतो.

१९८१ मध्ये सार्कॉइडोसिस या आजाराचा एक रुग्ण नोंदवला गेला. त्याला दोन्ही मूत्रपिंडं नव्हतीच, तरी कॅल्सिट्रायॉल वाढलेलं आणि कॅल्शियम चढलेलं. म्हणजे मूत्रपिंडाबाहेर दुसरा कारखाना आहे. तो निघाला आपल्याच महाभक्षक पेशींत. या पेशी साठ्यातलं ड जीवनसत्त्व घेऊन स्वतःच त्याचं कॅल्सिट्रायॉल करतात आणि पॅराथॉर्मोनचा लगाम मानत नाहीत. १९८४ मध्ये लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, रुग्णांत तोच प्रकार दिसला. क्षयाच्या गाठींतही हे होतं, आणि आपल्या देशात हे विसरून चालत नाही. ताप, वजन उतरलेलं, लसिका ग्रंथी सुजलेल्या, कॅल्शियम जास्त: हा लिम्फोमा असेल किंवा टीबी असेल, तुकडा तपासल्याशिवाय बोलू नये.

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. लॅबच्या यादीत 'व्हिटॅमिन डी' म्हणून सर्रास होते ती साठ्यातल्या प्रकाराची चाचणी. लिम्फोमाचा संशय असेल तर ती उपयोगाची नाही. कॅल्सिट्रायॉलची वेगळी, महाग चाचणी मागावी लागते. साठ्याची चाचणी कामाला येते ती दुसऱ्याच प्रसंगी. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मिळतात, आठवड्याला एक घ्यायच्या. कुणीतरी घाईत सांगितलेलं असतं, घरी कुणीतरी रोज एक म्हणून ऐकलेलं असतं, आणि वर गुडघ्यासाठी सुया. अशा माणसाचं कॅल्शियम चढलं की घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. साठा १५० नॅनोग्रॅमच्या पुढे, पॅराथॉर्मोन दबलेलं, पुडी कितीदा घेतली याची नीट चौकशी, एवढ्यानं निदान होतं. पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओतून घ्यावीत, हा माझा जुना शिरस्ता आहे.

आणि दूध. कॅल्शियम वाढलंय कळताच घरची मंडळी पहिलं काय करतात? दूध, दही, पनीर बंद. काकांच्या मुलीनंही ते केलं होतं. आधीच दोन घास खाणाऱ्या माणसाचा दहीभात काढून घेतला. पीटीएचआरपीच्या रुग्णात कॅल्सिट्रायॉल कमी, म्हणजे आतडं कॅल्शियम फारसं घेतच नाही. चढलेलं कॅल्शियम हाडांतून आलंय आणि मूत्रपिंडानं अडवून ठेवलंय. दह्याचा त्यात दोष नाही. पथ्याला अर्थ आहे तो लिम्फोमासारख्या, कॅल्सिट्रायॉल वाढलेल्या प्रकारात. कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र निदान होईपर्यंत सगळ्यांनीच थांबवाव्यात.

उपचार. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वाढते, घशाला शोष पडतो, शरीर कोरडं होतं. कोरडं मूत्रपिंड सोडियम धरतं आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमही. म्हणून पहिलं औषध साधं सलाईन. पूर्वी लघवीची इंजेक्शनं सरसकट देत. कोरड्या रुग्णाला ती देण्यात शहाणपण नाही. कॅल्सिटोनिन काही तासांत काम करतं, पण दोन दिवसांत त्याची मात्रा चालेनाशी होते. खरा उतार पडतो झोलेड्रॉनिक ॲसिडनं, ४ मिलिग्रॅम, १५ मिनिटांत शिरेतून, परिणाम दोन ते चार दिवसांत.

या औषधाचं घराणं बिस्फॉस्फोनेट. शिक्षकांच्या स्मृतीला आवडेल अशी त्याची जन्मकथा आहे. पाण्याच्या नळांत क्षार जमू नये म्हणून पॉलिफॉस्फेट वापरतात, हे जुनं होतं. हर्बर्ट फ्लाइश या स्विस शास्त्रज्ञाला लघवीत आणि रक्तात त्याचाच भाऊ, पायरोफॉस्फेट, सापडला. शरीर ते लगेच तोडतं, म्हणून मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवलेली, न तुटणारी संयुगं त्यांनी १९६० च्या दशकात तपासली. ती हाडाला घट्ट चिकटतात आणि हाड खाणाऱ्या पेशींनाच लंगडं करतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर आता डेनोसुमॅबची सोय आहे. आणि लिम्फोमात स्टेरॉइड, कारण ते त्या बाहेरच्या कारखान्यालाच टाळं लावतं. पीटीएचआरपीच्या गाठीवर तेच स्टेरॉइड जवळपास निरुपयोगी. एकाच आकड्यावर दोन वेगळी औषधं, म्हणून हुकूम कुणाचा हे विचारायचं.

एक पेच अजून आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत साठ्यातलं ड जीवनसत्त्व मुळातच कमी असतं. अशा माणसाला झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅब दिलं की कॅल्शियम उतरता उतरता नको तितकं खाली जाऊ शकतं, हातापायांत मुंग्या, पेटके. तेव्हा चढलेलं कॅल्शियम उतरल्यावर त्याच रुग्णाला ड जीवनसत्त्व जपून द्यावं लागतं. नातेवाइकांना हे समजावताना घाम फुटतो, आणि त्यांचा गोंधळ रास्तच असतो.

मूळ कोडं अर्धं उरलंच होतं: सही तीच, तर तिसरा हुकूम का पाळला जात नाही? स्ट्युअर्ट यांच्याच गटानं पुढे निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही संप्रेरकं शिरेतून सतत देऊन पाहिली. कॅल्शियम दोन्हींनी वाढलं. कॅल्सिट्रायॉल पीटीएचआरपीनं कमी वाढलं. पॅराथॉर्मोन ग्राहकाला जास्त वेळ धरून बसतं, पीटीएचआरपी लवकर सुटतं, असंही नंतर दिसलं. गंमत अशी की याच प्रथिनाच्या सुरुवातीच्या तुकड्यावरून बेतलेलं अबालोपॅराटाइड हे औषध, रोज एकदा टोचलं तर, हाड वाढवतं. ठिसूळ हाडांसाठी अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. सतत मिळालं तर हाड मोडतं, दिवसातून एकदाच मिळालं तर बांधतं.

काका तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. मुलीनं विचारलं, "म्हणजे सुधारतायत ना?" इथे गोड बोलू नये. कॅल्शियम उतरलंय, गाठ तिथेच आहे. तिच्यावर इलाज उरला नसेल तर दोन-चार आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो, आणि अशा रुग्णांतले निम्मे साधारण महिन्याभरात जातात. काही घरं पुन्हा इंजेक्शन नको म्हणतात. गुंगीतलं मरण तुलनेनं कमी त्रासाचं असतं आणि त्या निर्णयाला मी कधी विरोध केलेला नाही. पण पहिल्यांदा मी ते द्यावंच म्हणतो. त्या मिळालेल्या दिवसांत काकांनी धाकट्या भावाशी बोलणं सुरू केलं, सोसायटीच्या कागदांवर सह्या केल्या आणि पुढचं इंजेक्शन घ्यायचं की नाही ते स्वतः सांगितलं.

आता प्रश्न घेतो. आपापले रिपोर्ट मात्र आत्ताच काढू नका. ते खाली उतरल्यावर, चहा घेता घेता बघेन. आणि अल्ब्युमिनची ओळ असलेलं पान बरोबर असू द्या.